सूर्यफुलांमागचा बार

"मिस आर्डिथ, मला एक बंदूक नको आहे," नील गॅफ्नी म्हणाला. "ती मला मिळू नये म्हणून तुम्हाला कामाला लावायला आलोय."

रविवारचं चर्च नुकतंच सुटलं होतं. नील हा गावातला औषधवाला. एरवी नीटनेटका असणाऱ्या या माणसाचा डावा दंड आज पट्टीत गुंडाळलेला होता, डाव्या कानाखाली चिकटपट्टी होती. व्हरांड्यातला पंखा संथ फिरत होता आणि बाहेर जॉर्जियातली सप्टेंबरची दुपार डोळे मिटून पडली होती.

आर्डिथ कोल्बर्टचं आयुष्य विमा कंपनीसाठी जळकी कोठारं तपासण्यात गेलं होतं. आता ती खासगी तपास घ्यायची. आमच्या काउंटीत काही बिनसलं की लोक आधी तिच्याकडे जात, शेरीफकडे नंतर. तिचा मेहुणा डॉयल कायम सोबत असे. मनानं सोनं, डोक्यानं जरा सावकाश. आत्ता तो गालाला बर्फ लावून बसला होता.

"दाढ," तो कसाबसा पुटपुटला. "टिलरींच्या मिस्टर ऑर्विलनी काल स्वतः मारलेले होले पक्षी मला दिले. बेकनमध्ये गुंडाळून भाजले. छरा दाढेखाली आला आणि दाढेचा तुकडाच उडाला."

"हावरटपणाचं फळ," आर्डिथ म्हणाली. तो छरा तिनं टाचण्यांच्या बशीत टाकला होता. बशीच्या तळाशी लोहचुंबक होतं. टाचण्यांच्या घोळक्यात छरा गोल गरगरीत, गुपचूप चिकटून बसला होता.

"बोल, नील. काय झालं?"

शनिवारी दुपारी होल्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला होता. टिलरींच्या शेतात नेहमीप्रमाणे अर्धं गाव जमलं होतं, जो तो आजोबा-पणजोबांची दुनळी बंदूक घेऊन. त्या शेताचा एकच कडक नियम. सूर्यफुलांच्या उंचीवर उडणाऱ्या होल्यावर बार काढायचा नाही. ज्याचा छरा माणसाला लागला त्यानं आपली बंदूक त्या जखमी माणसाच्या हाती द्यायची आणि पुन्हा शेतात पाऊल टाकायचं नाही. हा नियम ऑर्विल टिलरींच्या वडिलांनी घातला. तो अमलात आणायची वेळ कधी आली नव्हती.

"मी सूर्यफुलांच्या पट्ट्यापलीकडे होतो," नील म्हणाला. "अलीकडे, माझ्या डाव्या हाताला, मिस्टर ऑर्विल, आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर त्यांची मुलगी मर्लीन. दोन आवाज आले, एकावर एक. दंडात आग पेटली. मी पडलो, तोवर मिस्टर ऑर्विल उठून ओरडले, 'बार माझा होता!'"

"दोन आवाज?"

"दुसरा प्रतिध्वनी," डॉयल म्हणाला. "त्यांच्या बंदुकीला पाइनची झाडं उत्तर देतात. सगळ्यांना माहीत आहे. काल दुपारभर मी तेच ऐकत पडलो होतो. किती छान वाटतं!"

"इतरांच्या बंदुकांना देत नाहीत?"

"जुन्या नळीचा आवाज जाड असतो ना!" डॉयल ठामपणे म्हणाला.

"उद्या लेबर डेची सुट्टी," नील म्हणाला. "उद्या दुपारी सगळ्यांसमोर ते मला आजोबांची दुनळी देणार. त्यांचं शेत सुटलं तर तो माणूस पुढची थंडी बघायला जगणार नाही, मिस आर्डिथ. मला वाटतं बार रँडलचा असावा, तोही शेतात होता. त्याला वर-खाली काही कळत नाही."

डॉक्टरांनी दंडातून काढलेले छरे नीलनं एका बाटलीत आणले होते. आर्डिथनं ते बशीवर ओतले. टाचण्यांभोवती ते पटापट जाऊन बसले.

"ट्रक काढ, डॉयल," ती म्हणाली.

टिलरींच्या कोठाराबाहेर रँडल उद्याच्या डुकराच्या मांसासाठी भट्टी पेटवत होता. हा ट्रक विकणारा, दांडगा आणि बोलघेवडा गृहस्थ.

"आलात? सगळ्यांना मीच वाटतो," तो म्हणाला. "माझं तोंड आणि माझी बंदूक दोन्ही बंद होत नाहीत, कबूल. पण मी तळ्याच्या बांधावर होतो, नीलच्या उजव्या हाताला. वाटल्यास बांधावर जाऊन बघा, माझ्या काडतुसांचा सडा पडलाय."

"छरे कसले होते?"

"पोलादी. तळ्याकडे बसणाऱ्याला मर्लीन शिसं वापरू देत नाही. बदकं शिसं गिळून मरतात म्हणे. ती स्वतःही पोलादच वापरते. मॅम, त्या म्हाताऱ्याला वाचवा हो. माझ्यावर ढकलायचं तर ढकला."

"मोठ्या मनाचा आहेस. पण खोटं मला चालत नाही."

ऑर्विल टिलरी घराच्या पायरीवर बसले होते. दुनळी मांडीवर होती, तिच्या लोखंडी पट्ट्या पिळून घडवलेल्या जुन्या नळ्यांवर संध्याकाळचं ऊन वाहत होतं. त्यांनी पेल्याच्या काठात बोट अडकवलं आणि चहा बोटाला लागेपर्यंत ओतला. बर्फ किणकिणला.

"विचारायचं काय त्यात? होला खाली आला, मला मोह झाला. झाली चूक."

"तुमच्या काडतुसांत पोलाद असतं?"

"छे! ह्या म्हातारीच्या नळ्या चिरतील. हिला बाजारातली काडतुसं सोसत नाहीत. मर्लीन घरी भरते. आधी तिची आई भरायची."

"नीट भरते?"

"काडतूस तळहातावर घेतलं की मला वजन कळतं. राहिलेलं, धक्का बसला की, खांदा सांगतो. चिमूटभर बंदुकीची दारू इकडची तिकडे झाली तरी सांगतो." त्यांनी नळीवरून हात फिरवला. "चांगली भरते माझी पोरगी."

डॉयल दाढेमुळे बोलत नव्हता. निघताना त्यानं म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

"निघालास, नील?" ऑर्विल हळुवारपणे म्हणाले. "दंड सांभाळ रे बाबा."

डॉयलनं आर्डिथकडे पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मर्लीन कुंपणाशी उभी होती. चाळिशीची, उन्हानं रापलेली. आईमागे सगळी शेती तीच बघत होती. तिचे डोळे सुजले होते.

"डॅडी म्हणतात, बार त्यांचा होता," ती म्हणाली.

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार, मिस आर्डिथ?" एवढं बोलून ती घरात निघून गेली.

शेतात कुणी नव्हतं. वाऱ्यानं उठलेली होल्यांची पिसं हवेत तरंगत होती, खाली यायचं की नाही हे न ठरल्यासारखी. ऑर्विलांच्या स्टुलासमोर सूर्यफुलांची मोठाली पानं एकसंध होती. त्यांच्यावरून मुंग्यांची रांग चालली होती, प्रत्येकीच्या तोंडात एक पांढुरका कण. आर्डिथनं एक कण बोटावर घेऊन दातांत चावला. मग ती शेजारच्या, मर्लीनच्या स्टुलापाशी गेली. तिथून तिरप्या रेषेत, मधोमध भोकं पडलेली पानं दिसत होती.

"अळी," डॉयल म्हणाला. "यंदा फार आहे."

आर्डिथ बराच वेळ पानांतून झिरपणारं ऊन बघत राहिली. "डॉयल, मला हे काम आवडत नाहीये," ती म्हणाली. "उत्तर कळलंय, पण ते सांगितलं तर कुणाचं तरी काहीतरी मोडणार आहे."

सोमवारी दुपार व्हायच्या आत तिनं चौघांना पेकनच्या झाडाखाली बोलावलं. ऑर्विल, मर्लीन, नील आणि डॉयल. लांब टेबलांवर मांस वाढणं चाललं होतं, लहान मुलं धावत होती.

"मिस्टर ऑर्विल, नीलला लागलेला बार तुमचा नव्हता," ती म्हणाली. "नीलच्या अंगातले छरे माझ्या चुंबकाला चिकटले. पोलादी आहेत ते. तुमच्या बंदुकीत पोलाद जात नाही."

"मग रँडलच!" डॉयल म्हणाला.

"रँडल उजवीकडे होता. जखम डावीकडे आहे."

"मर्लीनचं एखादं काडतूस चुकून माझ्या खिशात आलं असेल," ऑर्विल घाईनं म्हणाले.

"ते तुमच्या तळहातानं ओळखलं असतं. शिवाय तुमच्या स्टुलावरून नीलपर्यंत पोचायला बाराला समोरची पानं फाडावी लागतात. तिथे एकही भोक नाही. मुंग्या मात्र आहेत, मक्याचा रवा वाहणाऱ्या. मी चाखून पाहिला. फाटलेली पानं आहेत ती मर्लीनसमोर. आणि अळी कडेपासून खाते, डॉयल. मधोमध गोल भोकं पाडत नाही."

मर्लीननं तोंडावर हात धरला.

"आता डॉयलची दाढ. तुम्ही मारलेल्या होल्यात पोलादी छरा कसा निघाला? शिसं मऊ असतं, ते दाढेखाली दबलं असतं. आणि तो प्रतिध्वनी. पाइनची झाडं काय माणूस बघून उत्तर देतात? दुसरा आवाज दुसऱ्या बंदुकीचा होता, दर वेळी. तुम्ही रवा उडवत होता, मिस्टर ऑर्विल. होले पाडत होती मर्लीन. काल तुम्ही डॉयलला नील म्हणालात, चहा बोटानं मोजलात. तुम्हाला दिसत नाही."

माथ्यावरून होल्यांचा एक थवा शीळ घालत गेला.

"डॉक्टर म्हणाले होते, बंदूक काढून घ्या," मर्लीन म्हणाली. "मला नाही जमलं. म्हणून काडतुसांत रवा भरला. त्यांची नळी जिकडे वळेल तिकडे मी नेम धरायचा, अशी सवयच झाली होती. शनिवारी त्यांची नळी खाली झुकली, आणि माझीही झुकली. मी नीलचा विचारच केला नाही. नंतर खरं बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुमचे सगळे होले, डॅडी... एकही तुमचा नव्हता."

"त्यांना ते माहीत होतं," आर्डिथ हलकेच म्हणाली. "खांदा चिमूटभर फरक सांगतो, हे त्यांनीच मला सांगितलं. शिशाऐवजी रवा असेल तर तो सांगणार नाही?"

"पहिल्याच बाराला कळलं," ऑर्विल म्हणाले. "पण तू लगेच ओरडलीस, 'पडला, डॅडी, पडला!' तुझी आई गेल्यापासून तू तशी हसली नव्हतीस गं. ते हसू मी कसं मोडू? मग दर हंगामाला आपला उडवत राहिलो रवा. आणि परवा मला वाटलं, माझं काय, माझे दिवस भरलेत. तुला अजून या शेतात पुष्कळ वर्षं पेरायचंय."

मर्लीन त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. नीलनं तोंड फिरवलं. डॉयल उघडपणे डोळे पुसत होता.

मग ती उठली. स्वतःची बंदूक घेऊन टेबलांपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बार माझा होता. डॅडींनी माझ्यासाठी दोष अंगावर घेतला." रव्याबद्दल ती बोलली नाही. ते कुणी विचारलंही नाही. तिनं बंदूक नीलच्या हाती ठेवली आणि फाटकाकडे चालू लागली.

"मर्लीन, थांब," नील म्हणाला. "बंदूक मी घेतली, नियम पाळला. पण तू शेतात पाऊल टाकू नयेस म्हणणाऱ्यांनी छरे माझ्या दंडात शिरले होते, त्यांच्या नव्हे, हे लक्षात घ्यावं. मला तू इथे हवी आहेस."

माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"ती गेली तर कोशिंबीर कोण वाढणार?" रँडल भट्टीकडून गरजला. "येऊ द्या तिला!" आणि माणसं एकदम हसली, बोलू लागली, तिच्यासाठी वाट करू लागली.

बारा वाजले आणि शिकार पुन्हा सुरू झाली. मर्लीननं आपलं स्टूल ओढून वडिलांच्या अगदी जवळ घेतलं आणि रिकाम्या हातांनी बसली.

"काय भरलंय?" त्यांनी विचारलं.

"रवा."

"दे."

उंचावरून एकटाच होला आला. मर्लीनच्या आधी त्यांनी त्याचे पंख ऐकले, नळी वळवली, बार काढला. होला आपल्या वाटेनं निघून गेला. शेतातल्या प्रत्येक माणसानं मान वळवून पाहिलं. मिस्टर ऑर्विलचा नेम चुकलेला त्यांनी कित्येक हंगामांत पाहिला नव्हता.

"काय झालं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मर्लीननं दूर जाणाऱ्या होल्याकडे पाहिलं.

"चुकला, डॅडी."

"चुकला!" ऑर्विल टिलरी सगळ्या शेताला ऐकू जाईल असं आनंदानं ओरडले, आणि दुसऱ्या काडतुसासाठी त्यांनी तिच्यापुढे हात केला.