लांब दोराच्या वाटेवर

तंबू, दोर आणि पाठपिशव्या भाड्यानं देणाऱ्या ताईच्या दुकानात, डोंगरावरचं तळं पाहून परत आलेला प्रत्येक जण एकच सुरुवात करायचा. "ताई, हे आधी माहीत असतं ना, तर...!" कोणी सांगायचं, कोरे बूट घालून जाऊ नका, पाय सोलून निघतात. कोणी म्हणायचं, पाणी खालीच भरून घ्या, वरचा झरा आटलेला असतो. जळवा, काटे, पाय घसरणारं शेवाळं, सगळ्याच्या तक्रारी व्हायच्या आणि ताई त्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या कानावर घालायची. तळ्यापर्यंत ती स्वतः कधी गेली नव्हती, पण ऐकून ऐकून सगळी वाट आपल्याला पाठ झालीय असं तिला वाटायचं. जे जिवावर बेततं, ते सांगायला मात्र कोणी परत आलं नव्हतं.

बसचा एक ड्रायव्हर एकटाच तळ्याकडे गेला आणि आला नाही. आठवडा उलटला. जंगलखात्याच्या माणसांनी ओढ्याकाठचा सगळा रस्ता पालथा घातला आणि हात टेकले. मग ड्रायव्हरची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ, जो पेशानं शिंपी होता, ताईच्या दुकानात आले.

"ओढ्याच्या वाटेला दोर कशाला लागतो?" ताई म्हणाली. "त्यांनी माझ्याकडचा सगळ्यात लांब दोर नेलाय. ते कड्याच्या बाजूनं गेलेत! मी चौकीत जाऊन सांगितलं, पण ऐकतंय कोण?"

ड्रायव्हरची बायको पुढे आली. ती म्हणाली, "जिवंत नसले तर नसतील. पण त्यांना तिथं टाकून नका देऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिघं निघाली. ताई, शिंपी आणि ताईचा वेल्डर असलेला दीर. वेल्डरच्या हातात कामावरचे जाड चामड्याचे हातमोजे होते. शिंप्यानं ते पाहून विचारलं, "मिस्त्री, डोंगराला डाग मारायचाय का?" तर तो म्हणाला, "दोर धरताना हात सोलवटले की मग विचारा."

दरीच्या तळाशी नदी होती. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत. पायाखालचे गोटेही मोजता यावेत इतकं स्वच्छ! तिघं हसतखेळत पलीकडे गेली. समोर काळाकभिन्न कडा उभा होता आणि त्यावरून ताईचा दोर लोंबत होता. टोकाला तिनंच गुंडाळलेला पिवळा धागा लांबूनही ओळखू येत होता.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?"

शिंपी आनंदानं धावत सुटला. कड्याच्या पोटाला काळ्या सुपांसारखं काहीतरी लटकत होतं, तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. त्यातलं एक सूप हललं. मग आख्खं हवेत विरलं आणि घोंघावत खाली आलं.

"माश्या! आडवे व्हा!" वेल्डर ओरडला.

आग्या माश्यांनी शिंप्याच्या डोक्याचा कब्जाच घेतला. तो किंचाळत गोल गोल फिरू लागला. वेल्डरनं त्याला कंबरेला धरून खाली आपटलं, ताईनं तंबूचं कापड तिघांवर ओढलं. आतमध्ये अंधार, घाम आणि कापडावर गारांसारखा तडतडाट! आत शिरलेल्या माश्या वेल्डर मोज्याच्या मुठीत चिरडत होता.

"डोक्याला काय फासलंय तुम्ही?" ताई ओरडली.

"वासाचं तेल! रोजचंच आहे हो!"

"आग लागो तुमच्या तेलाला!"

बऱ्याच वेळानं आवाज विरला. शिंप्याचा एक डोळा पुरता मिटला होता, ओठ भोपळ्यासारखे सुजले होते. ताईनं नदीकाठचा चिखल त्याच्या डोक्यावर थापला आणि परत फिरायचं का, असं विचारलं. त्यानं बोलता येईना म्हणून नुसतं वर बोट दाखवलं.

दोर मजबूत होता. तिघं धापा टाकत, कोपरं खरचटत माथ्यावर पोचली. वर दाट झुडपं होती. "आवाज करू नका," ताई कुजबुजली. "जनावरं बिथरतील." आयुष्यात तिनं दिलेला हा सगळ्यात वाईट सल्ला असावा. पावलं न वाजवता ती थेट एका अस्वलीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. दोन पिल्लं अस्वलीच्या पोटाशी होती.

अस्वली दोन पायांवर उठली. एक फटका! ताई तोंडावर पडली. पाठीवर धोंडा कोसळावा तसं ओझं आलं. कानाशी गरम, कुजकट श्वास. पाठपिशवीच्या चिंधड्या उडत होत्या. दंडात नखं घुसली आणि कोपरापर्यंत फाडत गेली. ताईला आपलीच किंकाळी दुसऱ्या कोणाची तरी वाटली.

"वहिनी, हलू नका!" वेल्डरनं तुटलेली फांदी अस्वलीच्या नाकाडावर हाणली. पुन्हा हाणली. फांदी मोडली. शिंपी दोन्ही हातांत दगड घेऊन, सुजल्या तोंडानं जमेल तेवढ्या जोरात बोंबलत पुढे आला. त्या चिखलमाखल्या सोंगाकडे पाहून की पिल्लं पळाली म्हणून, पण अस्वली वळली. झुडपं मोडत ती दिसेनाशी झाली.

ताईच्या हातातून रक्ताची धार लागली होती. वेल्डरनं शर्टाची बाही फाडून करकचून बांधली. "आता ओरडतच जायचं," तो म्हणाला. "आपण येतोय हे तिला कळू दे."

तिघं ओरडत निघाली. "दादा! ओ दादा!" एका कपारीतून खोकल्याचा आवाज आला. शिंपी आत धावला. वेल्डरला काय दिसलं कोण जाणे, त्यानं मागून झेप घेऊन शिंप्याला बाजूला ढकललं. अंधारातून कुऱ्हाड आली आणि वेल्डरच्या खांद्यात रुतली!

ड्रायव्हर होता. दाढी वाढलेली, डोळे निखाऱ्यासारखे, एक पाय काळानिळा पडून वाकडा झालेला. तापात त्याला माणूस ओळखू येत नव्हता. त्यानं हिसडा देऊन कुऱ्हाड उपसली आणि पुन्हा उगारली.

"दादा, मी आहे! मी!"

ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. ताईनं जन्मात कोणावर हात उचलला नव्हता. तिनं दगड उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. कुऱ्हाड पडली. तिनं त्याच्या छातीवर गुडघा रोवला. तो तिचे केस उपटत होता, चावायला बघत होता. शिंप्यानं रडत रडत आपल्याच भावाचे हात बांधले.

वेल्डर भिंतीला टेकून बसला होता. पांढराफटक. शिंप्यानं पाकिटातून सुईदोरा काढला. तो त्याच्याकडे कायम असायचा. एका डोळ्यानं बघत त्यानं ती जखम शिवली. वेल्डर दातांत मोजा धरून गुरगुरत राहिला.

बाहेर, चढाच्या टोकाला, तळ्याची निळी कड चमकत होती. दहा-वीस झाडांच्या पलीकडे! तिघांनीही पाहिलं. तेवढ्यात खालून नदीचा आवाज आला, सकाळी नव्हता असा.

"आभाळ तर कोरडं आहे," शिंपी म्हणाला.

"वरच्या डोंगरांत कोसळला असेल," ताई म्हणाली. "चला, लवकर! ह्यांचा ताप बघता ह्यांना उद्याचा दिवस दिसणार नाही."

तळ्याकडे पाठ फिरवून त्यांनी ड्रायव्हरला दोरानं खाली सोडलं. नदी गढूळ होऊन फुगली होती. ताईनं सोबत आणलेला दोर कंबरेला बांधला आणि ती पुढे शिरली. पाण्यानं दोनदा पाडलं, नाकातोंडात वाळू गेली, पण पलीकडचं झाड हाती आलं. दोर बांधला. दोर कंबरेला अडकवून शिंपी भावाला पाठीशी आवळून निघाला. मागे एका हातानं दोर धरून वेल्डर. मध्यावर एक ओंडका आला. धाडकन! दोघे भाऊ पाण्याखाली गेले.

"सोडू नका!" ताई किंचाळली.

वेल्डरनं दोर जखमी हातात घेतला आणि चांगल्या हातानं शिंप्याची कॉलर पकडली. खांद्याचे टाके उसवले, पाणी लाल झालं. ताईनं जखमी हाताची पर्वा न करता दोर खेचला. एक हात. आणखी एक. शेवटी चौघं काठावरच्या चिखलात एकमेकांवर पडली आणि खोकत राहिली. जवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या लाकडाच्या ट्रकनं त्यांना उचललं.

ड्रायव्हरचा पाय वाचला. ताप उतरल्यावर इस्पितळातल्या खाटेवर तो उठून बसला, तेव्हा बायको उशाशी होती आणि शेजारच्या खाटेवर खांदा बांधलेला वेल्डर.

"तुमचे उपकार कसे फेडू?" ड्रायव्हर म्हणाला. "पण खांद्याला काय झालं हो?"

शिंप्यानं मान खाली घातली. ताई खिडकीबाहेर बघू लागली.

"अस्वल," वेल्डर म्हणाला.

"अरेरे!" ड्रायव्हर हळहळला. मग त्याचे डोळे चमकले. "माझ्यावर तीन चालून आली होती. तीन! पण मीही सोडलं नाही. एकाला अशी कुऱ्हाड घातली, की जन्मभर लक्षात ठेवील."

वेल्डरनं हळूच कूस बदलली.

"ठेवील," तो म्हणाला.