ताईंच्या आवाजातला निरोप

"आवाज माझाच आहे, वहिनी. पण मी बोललेच नाही."

आलेल्या बाईंनी खुर्चीत बसण्याआधीच हे सांगून टाकलं. वहिनींनी हातातली कपबशी खाली ठेवली. खाजगी तपासाच्या धंद्यात त्यांनी कितीतरी खोटं ऐकलं होतं, पण इतकं अडचणीचं खोटं कुणी मुद्दाम सांगत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते. निवृत्तीनंतर भाऊजी वहिनींना तपासात मदत करत. निदान भाऊजींचं तसं म्हणणं होतं.

बाई आइस रिंकवर स्केटिंग शिकवत. शिकणारे सगळे, अगदी पांढऱ्या केसांचे सुद्धा, त्यांना ताई म्हणत. रोज संध्याकाळी त्यांचा नवशिक्यांचा ग्रुप क्लास असे.

"क्लास रद्द करायचा असला की आम्ही पॅसेजमधल्या फोनवरून एक नंबर लावतो आणि निरोप बोलतो," ताई म्हणाल्या. "मग फोनयंत्रणा तो निरोप आमच्याच आवाजात प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी ऐकवते. मेसेज कोणी वाचतं, कोणी वाचत नाही. शिकवणाऱ्याचा आवाज आला की सगळे ऐकतात."

"आणि तुम्ही रद्द न करताच निरोप गेला?"

"या पंधरवड्यात तीनदा! दुसऱ्या वेळेनंतर मी सगळ्यांना बजावून सांगितलं, मी रद्द केलेला नाही म्हणून. काल परत तेच. एका विद्यार्थिनीचे वडील मला म्हणाले, ताई, आम्ही कुणाचं ऐकायचं, तुमचं की तुमचं?" ताई खुर्चीत पुढे सरकल्या. "काल मी एकटीच बर्फावर उतरले. रागाच्या भरात एक उडी मारली, तर पायाखालून तुकडे उडाले. काचेसारखा कडक बर्फ. माझा बर्फसुद्धा माझा राहिला नाही, असं वाटलं."

मॅनेजरांनी आज दुपारपर्यंत खुलासा मागितला होता. तो पटला नाही, तर क्लास कायमचा बंद, ताईंची नोकरी गेली आणि तो तास आइस हॉकीवाल्यांना.

"उठा, भाऊजी. गरम कपडे घाला."

"इतक्या उन्हात?" भाऊजींनी विचारलं.

रिंकवर पोचताच त्यांना स्वेटर आठवला. बर्फाच्या फाटकापाशी ते दात वाजवत, तोंड उघडं टाकून आत बघत उभे राहिले.

"अहो साहेब! बाजूला व्हा!"

भाऊजी बेडकासारखे बाजूला उडाले. त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर एक भलीमोठी गाडी येऊन थांबली होती. वर बसलेले काका हसत होते.

"घाबरलात? नवीन आहे. बॅटरीवर चालते, आवाज म्हणून नाही. या हंगामातच आली. बर्फ घासून वर पाणी सोडते, की झाला आरसा. जुनी काय ओरडायची! इथे बोललेलं तिथे ऐकू यायचं नाही."

"बर्फाचं सगळं तुम्हीच बघता?" वहिनींनी विचारलं.

"सगळं. आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ताईंच्या नवशिक्यांना नरम बर्फ लागतो, स्केटचं पातं धरतं, पडलं तरी लागत नाही. हॉकीवाल्यांना दगडासारखा कडक. बरं, बटण दाबलं आणि झालं, असंही नाही. संध्याकाळचा बर्फ बदलायचा तर दुपारपासून मागे लागावं लागतं."

"म्हणजे चुलीवरच्या दुधासारखं," भाऊजी म्हणाले.

"उलट, साहेब. दूध तापवायचं, हा गोठवायचा."

काउंटरवरच्या बाईंच्या कानाला फोन चिकटलेला होता. तो ठेवला की दुसरा वाजे.

"क्लास रद्द झाला की शिव्या मला," त्या कुरकुरल्या. "काल संध्याकाळपासून हेच चाललंय. निरोप ऐकायचाय? घ्या, ऐका. तिन्ही वेळचा तोच आहे. मला तर खोकल्यासकट पाठ झालाय."

स्पीकरमधून ताईंचा आवाज आला. 'बर्फ खराब झालाय, त्यामुळे आज ग्रुप क्लास होणार नाही.' मध्ये एक बारीक खोकला. मागे सतत घरघर.

ताई पांढऱ्याफटक पडल्या. "माझाच," त्या पुटपुटल्या.

"तुमचा फोन बिघडलाय," भाऊजींनी काउंटरवरच्या बाईंना सल्ला दिला. "केवढी ही घरघर!"

वहिनींनी निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना त्या चक्क हसत होत्या. वहिनी अशा हसल्या की कुणाची तरी धडगत नसे, एवढं भाऊजींना अनुभवानं कळत होतं. कुणाची, ते मात्र कधी कळलं नव्हतं.

मॅनेजर कोट आणि मफलर घालून खुर्चीत बसले होते.

"मी या हंगामात इथे आलो," ते म्हणाले. "माझं कुणाशी वैर नाही. पण निरोप पॅसेजमधल्या फोनवरून गेला, आवाज बाईंचा, तीनदा क्लास बुडाला. मी काय समजायचं? रिकामा बर्फ मला परवडत नाही."

"तो रिकामा राहिला का?"

"नशिबानं नाही. हॉकीच्या सरांनी तिन्ही वेळा वेळ निभावून नेली. मोठा कामाचा माणूस!"

तो कामाचा माणूस पॅसेजच्या टोकाच्या खोलीत हॉकीच्या काठ्या लावत होता. सर उंचेपुरे होते आणि बोलायला फार गोड.

"वाईट वाटतं हो त्यांचं," सर म्हणाले. "माझी भाची गेल्या हंगामात त्यांच्याकडेच होती. शिकवतात छान. पण क्लास सारखा बुडायचा. निरोप माझ्याच फोनवर यायचे ना, मला माहीत आहे."

"कालचा तास तुम्हाला मिळाला, तो कसा?"

"योगायोग. संध्याकाळी सहज डोकावलो. बघतो तर बाई एकट्याच उभ्या. म्हटलं बर्फ वाया का घालवा? मुलांना फोन केले. पोरं धावत आली आणि खेळ काय रंगला म्हणता!"

"बर्फ चांगला होता?"

"एक नंबर!"

वहिनींनी त्यांचे आभार मानले. बाहेर येताच भाऊजींनी आवाज खाली आणला. "वहिनी, मला वाटतं काउंटरवरची बाई. तिला घरी लवकर जायचं असणार."

"तिच्या कानाला फोन चिकटलाय, तो दिसला नाही का हो? क्लास रद्द झाला तर तिचंच मरण. चला, सगळ्यांना फाटकाशी बोलवा."

सगळे जमले. मॅनेजर घड्याळ बघत होते, ताई हातमोज्यांची बोटं पिळत होत्या. काका गाडीवरच बसून राहिले.

"पहिली गोष्ट," वहिनी म्हणाल्या. "माणूस तेच वाक्य तीनदा बोलेल. पण तोच खोकला, त्याच शब्दापाशी, तीनदा खोकणार नाही. म्हणजे कुणी बोललं नाही, वाजवलं. जुना निरोप फोनसमोर धरला."

"जुना कशावरून?" मॅनेजरांनी विचारलं. "बाईंनी काही दिवसांपूर्वी करून ठेवला असेल."

"काका, गाडी जरा पुढे घ्या."

गाडी भाऊजींच्या बाजूनं सरकली. कुणालाच काही ऐकू आलं नाही. वहिनींनी काउंटरवरच्या बाईंना खूण केली. स्पीकरवर निरोप वाजला, मागच्या घरघरीसकट.

काका सीटवरून अर्धे उठले. "अहो, ही तर माझी जुनी गाडी!"

"तीच. ती भंगारात गेली गेल्या हंगामानंतर. ताईंनी हा निरोप गेल्या वर्षी खरोखरच बर्फ खराब झाला तेव्हा दिलाय. तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. ताई, यंदा तुम्ही यातला एक शब्दही बोललेला नाहीत."

ताईंनी फाटकाचा कठडा धरला. आतापर्यंत स्वतःच्या आवाजापुढे त्यांना तोंड उघडायची सोय नव्हती.

"हा निरोप जपून ठेवणारा गेल्या हंगामात इथला असला पाहिजे. मॅनेजर तेव्हा नव्हते. ज्यांच्या घरी तो गेला, त्यांच्यापैकी पॅसेजमधल्या फोनपर्यंत रोज कोण पोचतं? ज्यांची भाची तेव्हा शिकत होती, ते."

सर हसले. "भाची असणं गुन्हा आहे का?"

"मुळीच नाही. मी गुन्ह्याचं बर्फाला विचारलं. काल ताईंनी उडी मारली तेव्हा बर्फ काचेसारखा होता. नवशिक्यांचा बर्फ नरम हवा. तुम्हाला मात्र तो एक नंबर वाटला. तुम्ही संध्याकाळी सहज डोकावलात, मग तुमच्यासाठी बर्फ दुपारपासूनच कडक होऊन कसा वाट बघत होता?"

सरांचं हसू तिथल्या तिथे गोठलं.

"काका, काल बर्फ कडक करायला कुणी सांगितलं?"

"सरांनीच की," काका म्हणाले. "दुपारी जेवताना येऊन सांगून गेले, आज तास आमचा आहे म्हणून. त्या आधी दोनदाही तसंच. मला वाटलं, मॅनेजरांना विचारूनच असेल. मला कुणी विचारलंच नाही हो!"

"ताईंचा निरोप गेला संध्याकाळी. क्लास होणार नाही हे सरांना दुपारीच कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "एवढी दूरदृष्टी असलेल्या माणसानं आपला फोन मॅनेजरांपुढे ठेवायला हरकत नसावी."

सरांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. तेवढं पुरे होतं. "माझ्या टीमला तास कमी पडत होता," ते खाली बघून म्हणाले. "सामने तोंडावर आलेत."

"मग मागायचा होता," ताई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज अजिबात कापत नव्हता. "मी दिला असता. माझा आवाज का चोरलात?"

मॅनेजरांनी सरांना आपल्या खोलीत थांबायला सांगितलं, आणि त्या सुरात गोडवा नव्हता. मग त्यांनी मफलर सोडला आणि सगळ्यांदेखत ताईंची माफी मागितली. "क्लास तुमचाच. पण विद्यार्थ्यांचं काय करायचं? ते आता कशावर विश्वास ठेवतील?"

वहिनींनी पॅसेजमधल्या फोनकडे बोट दाखवलं. "याच्यावरून आजपर्यंत फक्त 'क्लास नाही' एवढंच सांगितलंत. आज 'क्लास आहे' असं सांगा."

ताईंनी नंबर लावला. मग त्या मोठ्यानं बोलल्या, इतक्या की फोनची गरजच नव्हती. "मी ताई बोलतेय. हा निरोप आत्ताचा आहे. चोर सापडला. आज क्लास आहे, उद्या आहे, रोज आहे. सगळे या!"

थोड्याच वेळात काउंटरवरचा फोन वाजला. मग लगेच पुन्हा. बाई फोन उचलायच्या आणि ओरडून सांगायच्या, "दोघी जुळ्या बहिणी येतायत! आजोबा येतायत, नातवालाही आणतायत! एका मुलीचे वडील विचारतायत, आम्हालाही शिकायला घ्याल का?" पहिल्यांदाच त्यांना फोनचा कंटाळा आला नव्हता.

ताई रडत होत्या आणि हसत होत्या, आणि दोन्ही लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"मला घरघर ऐकू आली होतीच," भाऊजी वहिनींना म्हणाले. "नीट विचार केला असता तर..."

"आली होती खरी. म्हणूनच तुम्हाला बक्षीस. संध्याकाळच्या क्लासला तुमचं नाव घातलंय."

भाऊजी काही बोलायच्या आत काकांनी गाडीवरून हाक मारली. "ताई, दुपार होत आली. बर्फ कसा ठेवू?"

ताईंनी डोळे पुसले आणि भाऊजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नरम ठेवा, काका. आज पडणारे पुष्कळ आहेत."