चाश्तची जागा

अहमदपुरात एसटी स्टँडामागं खैरुनबीचं दोन खोल्यांचं घर. नवरा खाजामिया शिलाईकाम करायचा. माणूस लई हौशी! साठी उलटल्यावर त्यानं मनावर घेतलं, चाळीस दिवस चाश्तची नमाज पढायची. सकाळचं ऊन चांगलं वर आलं की मोरीत हातपाय-तोंड धुऊन वुजू करायचा आणि ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर ठसे उमटवत यायचा. डाव्या पायाला चारच बोटं. करंगळी लहानपणी बैलगाडीखाली गेलेली. एकतिसाव्या दिवशी नमाज पढून झाली आणि तो वारला. नऊ दिवस राहिले ते राहिलेच.

खैरुनबीच्या जिवाला तेच लागलं. मौलाना म्हणाले, "त्यांची नमाज तुम्हाला पढता येत नाही. आपली पढा, सवाब त्यांना बख्शा. नफल आहे, दोन रकात बस झाल्या. नाही पढली तरी गुनाह नाही."

तिनं पश्चिमेच्या भिंतीजवळ जानमाज, नमाजाची सतरंजी, अंथरली. दोन रकात, उजवीकडं सलाम, डावीकडं सलाम, मग पुण्य नवऱ्याला पोचावं म्हणून दुआ. उठताना घरच्या रीतीनं जानमाजचा कोपरा दुमडला आणि ती तिथंच राहू दिली. कित्येक दिवसांनी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी जानमाज वीतभर मागं सरकलेली. शेजारची विठाबाई ताक घेऊन आली होती, तिलाच विचारलं.

"म्या कशाला हात लावू भाभी? मांजर असंल."

कोपऱ्याची दुमड न मोडता मांजर ओढतं होय! खैरुनबीनं जानमाज परत पुढं घेतली. सहाव्या दिवशी ती चांगली दोन हात मागं होती. पुढं एका माणसाला उभं राहता येईल एवढी फरशी मोकळी.

मग तिला आठवलं. जोडीनं पढताना बायको नवऱ्याच्या मागं उभी राहते. "चाळीस होऊ दे, मग आपण दोघं मिळून पढू," खाजामिया म्हणायचा.

तिनं जानमाज हलवली नाही. भीती? छे! उलट बरंच वाटलं.

नववा दिवस झाला. चाळीस भरले. ती पोटभर रडली, मोकळी झाली आणि जानमाज घडी करून पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती आतल्या खोलीत निवांत भाकरी थापत होती. ऊन अंगणात आलं.

मोरीत तांब्या वाजला.

घरात दुसरं कुणीच नव्हतं.

तिनं वळून पाहिलं. बाहेरच्या खोलीत जानमाज अंथरलेली होती, मागं, तिच्या जागेवर.

मोरीपासून ओली पावलं निघाली होती. ती भिंतीकडं गेली नव्हती. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली होती. डाव्याला चार बोटं.

"आले जी," खैरुनबी म्हणाली, आणि गॅस बंद करून हाताचं पीठ धुवायला उठली.