सातव्या भागातला पाचवा माणूस

समीक्षकाची लेखणी कलाकृतीला जगवू शकते आणि मारूही शकते, असं मी एकदा एका परिसंवादात गंभीरपणे म्हणालो होतो. श्रोते अकरा होते. त्यातले तीन माइकवाले, आणि एक जण शेजारच्या हॉलमधल्या विम्याच्या व्याख्यानाला जायचं सोडून चुकून आमच्याकडे बसलेला. टाळ्या त्यानेच वाजवल्या.

सव्वीस वर्षं मी एका दैनिकात सिनेमाची परीक्षणं लिहितोय. त्यामुळे पुढचं जे सांगणार आहे, ते सांगताना मी शक्यतो भावनेच्या आहारी जाणार नाही. तशी सवयच राहिलेली नाही.

सोमवारी सकाळी दहा वाजता त्या अंतराळयानवाल्या भयपटाच्या सातव्या भागाचा खास खेळ होता. दोनशे खुर्च्यांच्या थिएटरात आम्ही चार समीक्षक. एसी इतका वाढवलेला, की सिनेमा नाही तर निदान तो तरी अंगावर काटा आणेल. माझ्या शेजारी साडेतीन. हे त्याचं खरं नाव नव्हे. तो चांगल्या-वाईट, सगळ्याच सिनेमांना साडेतीन तारे देतो, म्हणून.

ही मालिका म्हणजे एक जुनाट यान, त्याच्या पाइपांमध्ये राहणारं काहीतरी, आणि एकेक करून संपणारे कर्मचारी. पहिला भाग खरोखर चांगला होता. दुसरा खपून गेला. तिसऱ्यापासून मी दर वेळी एकच वाक्य लिहीत आलोय, फक्त आकडा बदलून: आता पुरे.

पहिले दोन भाग मी धाकट्या भावाबरोबर पाहिले होते. कोण कधी मरणार हे तो दहाव्या मिनिटाला सांगून मोकळा व्हायचा. त्याचं गणित सोपं होतं. मागे ट्रे उचलणारे, पाइप पुसणारे सुखरूप. जो सरकत सरकत कॅमेऱ्यापुढे आला आणि ज्याचं नाव आपल्याला कळलं, तो संपला. "नाव सांगितलं रे," तो माझ्या कानाशी पुटपुटायचा, "गेला बिचारा." एकदाही चुकला नाही.

तिसरा भाग त्याने पाहिला नाही. तो यायच्या सहा महिने आधी त्याला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. वय एकतीस. हॉस्पिटलच्या कागदांवर सही माझी आहे. या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

तर सातव्या भागात चाळिसाव्या मिनिटाला यानाच्या कॅन्टीनमधला प्रसंग आहे. पुढच्या टेबलावर चार जण भांडतायत. मी वहीत 'संवाद: शिळे' असं लिहून वर पाहिलं, तर मागच्या टेबलावर पाचवा माणूस जेवत होता. डाव्या हाताने. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून पाण्याच्या ग्लासाला बांधलं होतं.

धाकटा हे करायचा. जेवताना वेळ बघायची नाही, हा त्याचा नियम. घड्याळ सोडायचं, ग्लासाला बांधायचं, आणि आई ओरडली की हसायचं.

पडद्यावरचा माणूस पंचेचाळिशीचा होता. कानांवर केस पांढरे. त्याने जेवता जेवता मान वर केली, समोर पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पाच-सहा सेकंदं फार तर.

खेळ संपल्यावर मी साडेतीनला विचारलं, "कॅन्टीनमध्ये किती माणसं होती हो?"

"पडद्यावरची की थिएटरातली?" तो म्हणाला. "दोन्हीकडे चारच."

बाहेर प्रसिद्धीचं काम बघणारी बाई कॉफी आणि पत्रकं वाटत होती. तिलाही विचारलं. "चारच कलाकार आहेत, सर. पाचवा घ्यायला बजेट कुठलं?"

दिसतात माणसं एकसारखी. माझ्या वयात आता कुठे काय दिसेल सांगताही येत नाही. असं म्हणत मी घरी आलो आणि मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर जुने भाग काढून टीव्हीला लावले.

तिसरा भाग: लांबलचक मार्गिका, तिच्या टोकाला पाठमोरा माणूस ढकलगाडी नेतोय. डावा हात पुढे.

चौथा: नळावर पाणी भरतोय. अर्धा चेहरा.

पाचवा: जिन्यावरून उतरतोय. पोट जरा सुटलेलं. 'मागची माणसं म्हणजे निव्वळ फर्निचर,' असं पाचव्याबद्दल मीच लिहिलं होतं. कात्रण आहे माझ्याकडे.

सहावा: खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी, समोरून. चष्मा लावलेला. धाकट्याला चष्मा नव्हता. पण आमच्या घरात सगळ्यांना चाळिशीला लागतो.

आई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन सोफ्यावर येऊन बसली. एक पंचा झटकला आणि टीव्हीकडे बघून म्हणाली, "बारीक झालाय पुन्हा."

मी चित्र थांबवलं. "कोण?"

"कोण काय? चष्मा शोभतो मात्र."

"आई, तुला हा कधीपासून दिसतोय?"

"तिसऱ्यापासून. तू आणायचास ना घरी, बघत बघत शिव्या घालायला." तिने पंचाची घडी मांडीवर ठेवली. "मला वाटलं, तुलाही दिसतो. म्हणून तर तू एवढा चिडायचास."

पडद्यावर तो भिंतीला टेकून थांबलेला होता.

"सातव्यात कुठे आहे?" आईने विचारलं.

"दुसऱ्या टेबलावर. एकदा वर बघतो."

"बोलतो काही?"

"नाही."

"मग आठव्यात बोलेल." तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही चादर ताणून धरली. "या वेळी जरा चांगलं लिही रे. कायम मोडता घालत आलास. तू छान म्हणालास तर काढतील ते अजून एक."

"आई, यात जो पुढे येतो तो मरतो."

"त्याचं ते होऊन गेलंय."

"तो झोपेत गेला होता. इथे तसं नसतं. सहावा पाहिलायस ना तू?"

"पाहिलाय." तिने टोकं जुळवली. "चौदा वर्षं मी त्याची पाठ बघतेय, नाहीतर अर्धा कान. एकदा अगदी पुढे येऊन उभा राहिलेला बघू दे मला. मग होईल ते होईल."

मी टीव्ही बंद केला.

बुधवारी सकाळी दहाला लिहायला बसलो, तो पाचला उठलो. एरवी मला पन्नास मिनिटं लागतात.

पहिला मसुदा चार ताऱ्यांचा होता. मालिकेत नवा जीव आला आहे, असं त्यात लिहिलं होतं. ते वाक्य वाचून मी कागद फाडला.

दुसरा एका ताऱ्याचा. 'आता पुरे' हे मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून लिहिलं. पुढचा भाग काढू नका, हे तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी. एका ठिकाणी 'कृपया' आलं होतं. खोडलं नाही.

मागे राहू दे त्याला. आई नाही बघू शकली तरी चालेल. ट्रे उचलत, पाणी भरत, कुठेतरी असू दे.

"लिहिलंस?" आईने जेवताना विचारलं.

"पाठवलं."

"चांगलं?"

"बरं आहे."

शुक्रवारी मी उठलो तेव्हा पेपर आईच्या हातात होता. चष्मा लावून ती नववं पान बघत होती. माझं पान.

माझं परीक्षण त्यात नव्हतं. पूर्ण पानभर जाहिरात होती. वर, सातवा भाग आजपासून. खाली, आठव्याचं चित्रीकरण सुरू.

यानाच्या दारात पाच जण उभे होते. सगळ्यांत पुढे चष्मेवाला.

प्रत्येकाच्या पायाशी नाव छापलेलं. या पेपरात माझं नाव सव्वीस वर्षांत चार वेगवेगळ्या प्रकारे छापून आलंय. त्याचं अचूक होतं. वडिलांच्या नावासकट.

"आता कसा नीट दिसतोय," आई म्हणाली.

मी उपसंपादकाला फोन लावला.

"सॉरी सर, सांगायचं राहून गेलं," तो म्हणाला. "तुमचं परीक्षण लागणारच नव्हतं. ते पान मंगळवारीच जाहिरातीला देऊन टाकलं होतं."