मागच्या चाकांमधला आवाज

गाडीचा आवाज गिऱ्हाईक तोंडाने काढून दाखवायला लागलं की मला हसू आवरत नाही. या बाईंनी मात्र बोटाचं पेर माझ्या टेबलावर आपटलं. ठक, ठक, ठक. निवृत्त शिक्षिका, उगाच बडबड नाही.

"मिस्त्री, मागून येतो. तीनदा वाजतो आणि गप्प होतो. गाडी जुनी आहे, गेल्या आठवड्यातच परगावाहून घेतली."

"ठेवून जा. संध्याकाळी घेऊन जा," मी म्हणालो. मागच्या एक्सलचा आवाज काढायला मला तासभर पुरतो, असा माझा तोरा.

खड्ड्यात वाजला तर शॉकअॅब्सॉर्बर, नाहीतर स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश. वेगाबरोबर वाढला तर बेअरिंग. गिअर टाकताना एकच दणका बसला तर शाफ्टचा क्रॉस. दुपारपर्यंत सगळं पाहून झालं. पाट्या पहारीने ढोसल्या, चाकं गदागदा हलवली, डिकीतली स्टेपनी आणि जॅकसुद्धा बाहेर काढून ठेवले. कुठे केसभर ढिलाई नाही. वीस वर्षं आवाज ऐकून छातीठोक निदान करणाऱ्या माणसाची त्या डबड्याने पार जिरवली.

मग एक फेरी मारली. गुळगुळीत रस्त्यावर तीन ठोके आले. पुढच्या सिग्नलला थांबलो. चाकं उभी, गाडी न्यूट्रलला. पुन्हा तीन. उभ्या एक्सलला वाजायला काही कारणच नसतं. मागे वळून न बघता मी गाडी परत आणली.

कारण ते ठोके मला पाठ होते.

ब्रेकच्या तेलातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पेडल दाबणार, दुसरा खाली झोपून नट सैल करणार. मी वर, माझा थोरला भाऊ दादा खाली. गॅरेजातल्या गोंगाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून दादा पान्याने एक्सलवर ठोकायचा. एक म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे इकडे ये. शेवटचे आठ महिने आमच्यात एवढंच बोलणं उरलं होतं. गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला होता, "याच्या हाताला घाई फार, याचं काम मला पुन्हा बघावं लागतं." मी अबोला धरला. तोही हट्टी. दोघे एका छपराखाली, आणि गप्पा पान्याने. लोक हसायचे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी सीटवर पेपर वाचत होतो. खालून तीन ठोके आले. मला वाटलं, हाक मारायला तोंड नाही का? एकदा नावाने बोलाव, मग येतो. थोड्या वेळाने पुन्हा तीन आले. मी पान उलटलं.

छातीत कळ आली होती त्याच्या. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. मी सगळ्यांना सांगितलं, सुटे भाग आणायला दुकानात गेलो होतो. वहिनींनाही तेच सांगितलं. अजून त्या रोज दुपारी गॅरेजमागच्या घरातून माझ्यासाठी चहा आणतात, आणि तो घोट घशाखाली उतरताना मला माझीच लाज वाटते.

आजही त्या चहा घेऊन आल्या.

"वहिनी, जरा मागे बसता का? मला दुसरा कान हवाय."

"मला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत त्या बसल्या.

गावाबाहेर एका गोदामाच्या उंच भिंतीलगत लांबच लांब सावली होती. तिथे येईपर्यंत आवाज आला नाही. मग आला. तीन. मी गाडी भिंतीच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

पुन्हा तीन. सीटखालून, अगदी स्पष्ट.

वहिनींनी पदर मुठीत धरला होता. घरात लहानथोरांना त्या ठोक्यांचा अर्थ ठाऊक होता.

"वहिनी," मी समोरच्या काचेकडे बघत म्हणालो, "त्या दिवशी मी दुकानात गेलो नव्हतो. गाडीतच बसलो होतो. मला ऐकू आलं होतं."



"माहीत आहे भावजी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचं डोकं दिसत होतं."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने बोलू? ठोके मलाही ऐकू आले होते. मी म्हटलं, भावजी आहेत ना तिथे. आणि पोळ्या लाटत राहिले."

मला रडू फुटलं. मागे त्याही रडत होत्या. दादा आणि वहिनी, एवढी माझी जवळची माणसं, आणि दोघांनाही मी मुकलो होतो, नुसत्या ताठ्यापायी.

खालून एक ठोका आला.

विचार करायच्या आत माझा पाय पेडलवर गेला. मी दाबलं.

दोन ठोके. मी सोडलं.

एक. दाबलं. दोन. सोडलं. तोच जुना, सावकाश ठेका. त्याच्या हाताला कधीच घाई नव्हती. किती वेळ आम्ही ते काम करत होतो, मला सांगता येणार नाही. डोळे पुसायलाही मी हात उचलला नाही, एखादा ठोका चुकेल म्हणून.

मग तीन आले.

या वेळी मी धावलो. दार उघडं टाकलं, मागच्या चाकाशी गुडघे टेकले, पोटावर पडून खाली पाहिलं.

कोणी नव्हतं.

रस्त्यावर धुळीचा थर होता. फक्त मागच्या दोन चाकांमध्ये, माणूस उताणा झोपेल एवढ्या जागेतली धूळ पुसली गेली होती.

मी तिथे तळवा ठेवला. सायलेन्सर पलीकडच्या बाजूला होता. आजूबाजूचा रस्ता सावलीने गारठलेला होता.

ती जागा गरम होती. खांद्यांपाशी जास्त.

"भावजी," वहिनींनी वरून हळूच विचारलं, "आहेत का?"

मी हात तसाच ठेवून पडून राहिलो, आणि माझ्या तळव्याखाली ती जागा हळूहळू गार होत गेली.