पंचफुलाबाईची नाडी

ही गोष्ट तुम्हाला खोटी वाटली तर मला बरंच वाटेल. पण ती खरी आहे. माझ्याच बाबतीत घडली आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं ढाणकी. तिथल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात मी काउंटरवर बसते. नाव नोंदवणं, पावती फाडणं, फोन घेणं, एवढंच माझं काम. मी नर्स नाही.

भुतं रात्रीच येतात असं ऐकलं होतं. हे झालं भर दुपारी, मे महिन्यात.

त्या सकाळी धर्मपाल त्याच्या आईला घेऊन आला. पंचफुलाबाई. ताप आणि धाप. डॉक्टरांनी तिला वॉर्डात झोपवलं आणि एक इंजेक्शन लिहून दिलं, ते ढाणकीत मिळेना. धर्मपाल उमरखेडला निघाला.

तो गेल्यावर म्हातारीने माझं मनगट धरलं. आयुष्यभर कापूस वेचलेली बोटं, टोकाला खरखरीत.

"बाई, मले एकटी नोको ठेवू व."

"मी आहे ना आजी," मी म्हटलं आणि काउंटरवर येऊन बसले.

आमच्याकडे नर्स एकच, मोनाली. दुपारभर ती डॉक्टरांसोबत बाळंतपणाच्या केसमध्ये अडकली होती. वॉर्डात कोणी फिरकलंच नाही. तीन वाजता आमच्या दवाखान्यातली मावशी, रुपीबाई, पाण्याचा तांब्या भरायला गेली आणि धावतच बाहेर आली.

"दीपमाला, बुढी गेली व! अंग पार लाकडासारखं झालं. कवाची गेली असंन माय..."

मॅडम, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, धावत आल्या. त्यांनी आधी पेशंटकडे पाहिलं नाही. पलंगाला अडकवलेला चार्ट पाहिला. सकाळनंतर कोरा.

"दीपमाला, तुझं अक्षर चांगलं आहे. भरून टाक. बीपी, नाडी, ताप. तीनपर्यंत ठीक दाखव. मग अचानक गेली."

"मॅडम, मी नर्स नाही. मी लिहिलेलं चालतं का?"

"सही मोनाली करेल. केस झाली तर कागदच बोलतो. कोरा कागद दिसला तर सगळेच आत जाऊ, तूसुद्धा."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

पंचफुलाबाईला व्हरांड्यात नेऊन चादर टाकली होती. मी रिकाम्या वॉर्डात, तिच्याच पलंगाशेजारी स्टुलावर बसले. कूलर घरघरत होता.

बारा वाजता... बीपी १२०/८०. लिहिलं.

आणि मागून आवाज आला.

फुस्स... फुस्स... फुस्स...

बीपीच्या मशीनचा फुगा दाबतात ना, तसा.

मी वळून पाहिलं. मशीन टेबलावर होतं, पेटीत बंद.

एक वाजता... दोन वाजता... माझं अक्षर वाकडं व्हायला लागलं.

कूलर बंद पडला. वर पंखा मात्र फिरतच होता. म्हणजे लाईट होती.

आता तीनचा रकाना. नाडी.

मी पेन टेकवला... आणि माझ्या उजव्या मनगटावर बोटं आली.

थंड... टोकाला खरखरीत.

दिसत काहीच नव्हतं. पण बोटांनी नाडी शोधली, तिथेच थांबली. कोणीतरी शांतपणे माझे ठोके मोजत होतं.

हात आपोआप चालला.

७८.

बोटं सुटली. कूलर सुरू झाला.

धर्मपाल चार वाजता आला. घामाने निथळलेला, हातात इंजेक्शनची पिशवी. मॅडमनी त्याला चार्ट दाखवला. तो बराच वेळ तीनच्या रकान्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे आला.

"ताई, तीन वाजेलोक चांगली होती ना माय?"

मी मान हलवली.

"मी उमरखेडच्या स्टँडवर रस प्यालो, ताई. एक गाडी सोडली त्यापायी. नाई त भेट झाली असती..."

तो तिथेच फरशीवर बसला आणि कपाळ बडवायला लागला. त्याची आई दुपारीच कधीतरी एकटी गेली होती. ती गाडी पकडली असती तरी भेट झाली नसती. हे सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. ते माझ्याजवळ होतं आणि मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. लाज वाटते हो. आजही लिहिताना कान तापतात.

मोनालीने सही केली, पण माझ्याशी बोलणं टाकलं. फक्त एकदा बोलली. मला चक्कर आली होती, तिने माझं मनगट धरलं. उजवं. बोटं इकडे सरकवली, तिकडे सरकवली. मग त्याच हाताच्या बोटाला नाडी दाखवणारं छोटं मशीन लावलं. आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा.

"दीपमाला... तुझी नाडी लागत नाहीये."

डाव्या हाताला लागत होती. डॉक्टर म्हणाले, काहींची शीर खोल असते. असेल.

परवा पंचफुलाबाईचं पुण्यानुमोदन आहे, म्हणजे तिच्या नावाने बुद्धवंदना आणि जेवण. काल धर्मपालचा फोन आला. मी ठरवलं होतं, आता खरं सांगायचंच. फोन उचलला आणि डाव्या मनगटावर ती बोटं आली. घट्ट नव्हती. त्या सकाळी धरली होती तशीच.

"जयभीम ताई. तुमाले यावंच लागते. शेवटी मायजवळ तुमीच होत्या ना?"

बोटं थांबली होती. वाट पाहत असावीत.

"हो दादा," मी म्हटलं. "शेवटपर्यंत मीच होते."

बोटं सुटली. एकेक करून.

आज सकाळपासून मी डावं मनगट चाचपून पाहतेय...

अजून काही लागलेलं नाही.