दरवाजातली हाक

कुठंतरी फिरायला न्या म्हणून मी लग्नापासून नवनीतच्या मागे लागले होते. गडी शेवटी निघाला तो कुठे, तर जिथं त्याची पहिली बायको कड्यावरून पडून गेली त्या किल्ल्यावर! "एकदाव तठे जाई येऊत, रुपा. मंग मन्हं मन हालकं व्हई," तो म्हणाला. घरात अजून शीलाचाच फोटो, भाजीलाही शीलाचीच चव हवी. म्हटलं, चला, एकदाचा हा माझा तरी होईल.

प्रकाशा गावाहून मोटरसायकलनं निघालो. शहादा मागे पडलं, ऊस संपला, सातपुडा सुरू झाला. रविवारी इथं कॉलेजची पोरं येतात. आज पायथ्याशी फक्त सीताफळं विकणारी रेवाबाई होती. तिनं नवनीतला ओळखलं. मला म्हणाली, "उतरताना दरवाजात पुढच्यानं मागच्याचं नाव घेऊन हाक मारायची, बाई. ज्याला हाक मारली, त्यालाच किल्ला सोडतो."

मी हसले. नवनीत हसला नाही.

चढ सोपा होता. वर गुडघाभर वाळकं गवत, टाक्यातलं हिरवं पाणी. नवनीत कड्याजवळ जाऊन बसला. मी थोडी लांब सीताफळ खात बसले. त्याच्या शेजारचं गवत हळूहळू दबत गेलं. वारा असेल, म्हटलं. वारा पडला तरी ते उठलं नाही. कुठूनतरी नुकत्याच धुतलेल्या केसांचा, शिकेकाईचा वास आला.

"चाला, उतरूत ना आते," मी म्हणाले.

तो पुढे झाला. दरवाजाच्या कमानीबाहेर पाठमोराच थांबला. मी वेड्यासारखी माझ्या नावाची वाट पाहत उभी राहिले.

"शीला," तो म्हणाला. "चाल, घर जाऊत."

इतक्या लाडानं त्यानं मला कधीच हाक मारली नव्हती.

"आहो, मी रुपा शे!"

त्यानं वळून पाहिलं नाही. तो उतरू लागला आणि त्याच्यामागे, गवतात, आणखी कुणाची तरी पावलं वाजू लागली.

मी धावले. उंबऱ्याशी पाय थांबले. समोर काही नव्हतं, तरी पाऊल पुढे पडेना. मी ओरडले, रडले, त्याला शिव्या घातल्या. मेला मन हलकं करायला आलाच नव्हता. मला इथं ठेवायला आला होता.

दरवाजातून पायथा दिसत होता. खाली रेवाबाईनं त्यांना पाहून पदर डोक्यावर ओढला आणि तोंड फिरवलं.

मोटरसायकल सुरू झाली. मागचं चाक दबलं.

प्रत्येक खड्डा चुकवत, अगदी सावकाश, नवनीत निघाला. मला मागे बसवून त्यानं एकही खड्डा कधी चुकवला नव्हता.